हा कोणता किडा?

(पाठाची ओळख : आपल्या घराबाहेर अनेक लहान जीव राहतात. त्यांतले काही आपल्या ओळखीचे असतात, तर काही अनोळखी असतात. अनोळखी भुंगेरा दिसला तर त्याचे नाव पायरीपायरीने कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना मराठी आणि उर्दू नावांची तुलना करा.)

मुलांनो, पावसाळा संपत आला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या आसपासची मोकळी जागा हिरवीगार दिसते. मुंब्र्याच्या डोंगरउतारावर गवत गुडघ्याएवढे वाढते. कल्याणच्या आसपास भाताच्या खाचरांत लोंब्या डोलू लागतात. घरांच्या मागे, रेल्वे रुळांच्या कडेला, शाळेच्या कुंपणाजवळ रानफुले फुलतात. जिथे फुले, तिथे किडे. मुंगी, डास, नाकतोडा, फुलपाखरू यांना आपण लगेच ओळखतो. पण कधी कधी असा किडा भेटतो की, त्याचे नाव घरात कोणालाच माहीत नसते.

अशा वेळी आपण काय करतो? एकजण म्हणतो, "विषारी आहे, चिरडून टाक!" दुसरा म्हणतो, "किती छान आहे, काड्यापेटीत घाल!" एकाने भीतीने ठरवले, दुसऱ्याने हौसेने. किड्याकडे नीट पाहिले मात्र कोणीच नाही.

समजा, सप्टेंबर महिना आहे. सकाळची वेळ आहे. डोंबिवलीजवळच्या एखाद्या गावात भाजीच्या वाफ्यात भेंडीला पिवळी फुले आली आहेत. एका फुलावर एक किडा बसला आहे. त्याचा रंग काळा आहे. पाठीवर नारिंगी रंगाचे आडवे पट्टे आहेत. तो फुलाच्या पाकळ्या खात आहे. तुम्ही जवळ गेलात तरी तो घाईने उडून जात नाही. हा कोणता किडा? चला, आपण मिळून त्याचे नाव शोधू या.

आधी हात मागे घ्या

पहिला नियम सोपा आहे. ज्याचे नाव माहीत नाही, त्याला हात लावायचा नाही. त्याला मारायचेही नाही. दोन्ही हात मागे घ्या आणि डोळे पुढे करा. किडा बसला आहे तिथेच त्याला पाहा. त्याच्या शेजारी, थोड्या अंतरावर पट्टी धरा आणि लांबी मोजा. आपला किडा दोन ते अडीच सेंटिमीटर लांब आहे. हे वहीत लिहा. घरातल्या मोठ्यांकडे मोबाईल असेल, तर त्यांना वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढायला सांगा.

पाय मोजा

आता पाय मोजा. कीटकाला सहा पाय असतात. तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. हा नियम सर्व कीटकांना लागू पडतो. मुंगीला सहा पाय, झुरळाला सहा पाय, फुलपाखराला सहा पाय.

पाय मोजणे एवढे महत्त्वाचे का आहे? एक उदाहरण पाहा. जून महिन्यात पहिला पाऊस पडतो. ओल्या मातीवर लालभडक, मखमलीसारखा मऊ असा एक लहान जीव चालताना दिसतो. मराठीत त्याला 'मृगाचा किडा' म्हणतात, कारण तो मृग नक्षत्राच्या पावसात दिसतो. उर्दूत त्याला 'बीरबहूटी' म्हणतात. हे नाव तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकले असेल. आता त्याचे पाय मोजा. ते आठ भरतात! म्हणजे मृगाचा किडा हा कीटक नाही. तो कोळ्याच्या नात्यातला आहे. नावात 'किडा' आहे, पण तो कीटक नव्हे.

म्हणून लक्षात ठेवा, नावावरून प्राणी ओळखायचा नसतो. आधी प्राणी पाहायचा आणि मग त्याचे नाव शोधायचे.

भेंडीच्या फुलावरच्या आपल्या किड्याला सहा पाय आहेत. म्हणजे तो कीटक आहे. पहिली पायरी झाली.

पाठीवरची रेघ पाहा

आता पाठ पाहा. किड्याच्या पाठीवर दोन जाड झाकणे आहेत. ती दोन्ही एकमेकांना चिकटून बसली आहेत. त्यांच्यामध्ये, पाठीच्या अगदी मधोमध, एक सरळ रेघ दिसते. ही रेघ फार कामाची आहे.

ही झाकणे म्हणजे पुढचे पंख. ते उडण्यासाठी नसतात, संरक्षणासाठी असतात. त्यांच्या खाली पातळ, पारदर्शक पंखांची दुसरी जोडी घडी घालून ठेवलेली असते. उडायचे असेल तेव्हा किडा झाकणे उघडतो, घडी मोडतो आणि पातळ पंखांनी उडतो. तलवार म्यानात असते ना, तसेच हे. अशा कीटकाला मराठीत 'भुंगेरा' म्हणतात. ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल याने सुमारे २३०० वर्षांपूर्वी या कीटकांना जे नाव दिले, त्याचा अर्थही 'म्यानासारखे पंख असलेले' असाच आहे. उर्दूत आपण ॲरिस्टॉटलला अरस्तू म्हणतो. शास्त्रज्ञ आजही तेच नाव वापरतात. ते नाव आहे 'कोलिऑप्टेरा'.

जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जाती माहीत झाल्या आहेत. आजवर माहीत झालेल्या सर्व प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जाती भुंगेऱ्यांच्याच आहेत!

पण सावध राहा. काही कीटक भुंगेऱ्यासारखे दिसतात, पण भुंगेरे नसतात. कापसावर आणि भेंडीवर लाल ढेकूण दिसतो. त्याचे पंख एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे पाठीवर सरळ रेघ दिसत नाही, फुलीसारखी खूण दिसते. त्याला चावण्यासाठी जबडे नसतात. रस शोषण्यासाठी सुईसारखी सोंड असते. दुसरा एक ढेकूण हिरवा, चकचकीत आणि काळ्या ठिपक्यांचा असतो. दागिन्यासारखा दिसणारा हा कीटक पाहून पुष्कळ लोक फसतात. पण त्याच्या पाठीवर मधोमध रेघच नसते. सगळी पाठ एकाच अखंड ढालीने झाकलेली असते. झुरळाचे पंखही एकावर एक चढलेले असतात.

आणखी एक गोष्ट. मराठीत 'भुंगा' हा शब्द दोन वेगवेगळ्या कीटकांसाठी वापरतात. लाकडाला गोल भोक पाडून त्यात राहणारा, गुंजारव करणारा मोठा काळा भुंगा खरे तर मधमाशीच्या नात्यातला आहे. उर्दूत त्याला भंवरा म्हणतात. त्याच्या पाठीवर झाकणे नसतात. त्याचे चारही पंख पातळ असतात. म्हणून 'भुंगा' म्हणताना कोणता भुंगा, हे नीट सांगावे लागते. 'भुंगेरा' म्हटले की गोंधळ होत नाही.

आपल्या किड्याच्या पाठीवर सरळ रेघ आहे आणि तो पाकळ्या कुरतडून खात आहे. म्हणजे तो भुंगेरा आहे. दुसरी पायरी झाली.

तोंड, मिशा आणि मान

चार लाख जातींमधून एक जात कशी शोधायची? त्यासाठी शरीराचे भाग लक्षपूर्वक पाहावे लागतात.

आधी तोंड पाहा. तांदळात होणारा छोटा सोंडकिडा तुमच्या आईने तांदूळ निवडताना तुम्हांला दाखवला असेल. त्याला उर्दूत घुन म्हणतात. त्याचे तोंड पुढे सोंडेसारखे लांब असते. तोही भुंगेराच आहे. म्हणजे भुंगेरा शोधायला जंगलात जायलाच हवे असे नाही. तो आपल्या स्वयंपाकघरातही सापडतो.

मग डोके पाहा. नारळाच्या झाडावर येणाऱ्या मोठ्या काळ्या भुंगेऱ्याच्या डोक्यावर गेंड्यासारखे शिंग असते. म्हणून त्याला 'गेंडा भुंगा' म्हणतात. तो नारळाचा कोवळा कोंब पोखरतो. पुढे ती झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. पावसाळ्याच्या रात्री तो दिव्याच्या उजेडाकडे येतो आणि धप्पकन पडतो. तो आवाजाने आणि आकाराने घाबरवतो, पण माणसाला डंख मारत नाही.

नंतर मिशा पाहा. कीटकांच्या मिशांना 'स्पर्शिका' म्हणतात. त्यांनी कीटक वास घेतो आणि चाचपून पाहतो. काही भुंगेऱ्यांच्या स्पर्शिका शरीराहून लांब असतात. काहींच्या स्पर्शिकांच्या टोकाला छोटी छोटी पाने जोडल्यासारखी दिसतात. काहींच्या टोकाकडे जाड होत जातात.

शेवटी मान पाहा. आपल्या भुंगेऱ्याचे डोके खाली झुकलेले आहे. डोक्यामागे बारीक मान आहे. शरीर लांबट आहे. पाठीवरची झाकणे इतर भुंगेऱ्यांच्या झाकणांसारखी कडक दिसत नाहीत. स्पर्शिका टोकाकडे जाड आहेत. या पाचही खुणा वहीत लिहा. त्या एकत्र दिसल्या, म्हणून आपला शोध एका विशिष्ट कुळापर्यंत येऊन पोहोचला.

जागा, झाड आणि वेळ

माणसाचा पत्ता कळला की त्याला शोधणे सोपे जाते. कीटकाचेही तसेच आहे. तो कुठे दिसला, कोणत्या झाडावर दिसला आणि केव्हा दिसला, हे लिहून ठेवावे.

शेणाच्या गोळ्या करून त्या ढकलत नेणारा भुंगेरा शेणाजवळच भेटेल. त्याला शेणकिडा म्हणतात. उर्दूत त्याला गुबरैला म्हणतात. तो शेण जमिनीत पुरतो आणि त्यामुळे माती सुपीक होते. पानांवर मावा पडला असेल, तर तिथे लाल किंवा पिवळा, काळ्या नक्षीचा, अर्ध्या वाटाण्यासारखा गोल भुंगेरा दिसेल. त्याला ढालकिडा म्हणतात. तो मावा खातो. म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र आहे. त्याची अळी मात्र काळपट आणि खरखरीत असते. लोक तिला शत्रू समजून मारतात आणि नकळत माव्याला मदत करतात.

आता वेळेचे उदाहरण पाहा. पाऊस सुरू होण्याच्या आधी, रात्रीच्या अंधारात, सह्याद्रीच्या झाडांवर काजवे चमकतात. काजवा म्हणजे जुगनू. तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण काजवाही भुंगेराच आहे! दिवसा त्याची पाठ पाहा. दोन झाकणे आणि मधोमध सरळ रेघ तिथेही दिसेल.

आपला भुंगेरा सप्टेंबरमध्ये, सकाळी, भेंडीच्या फुलावर दिसला. तो पाकळ्या खात होता. तुम्ही आजूबाजूला पाहिले तर तसेच आणखी दोन-तीन भुंगेरे जास्वंदीच्या फुलांवरही दिसतील. वहीत हेही लिहा.

नाव सापडले

आता सर्व खुणा एकत्र करा. सहा पाय. पाठीवर सरळ रेघ. झुकलेले डोके, बारीक मान, मऊ झाकणे. काळ्या रंगावर नारिंगी पट्टे. पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलांवर वावर. या खुणांवरून शास्त्रज्ञ त्याला 'मेलॉइडी' या कुळात घालतात आणि पट्टेवाल्या जातींना 'मायलॅब्रिस' या नावाने ओळखतात. सोप्या मराठीत आपण त्याला 'फोड आणणारा भुंगेरा' म्हणू या. बाजरीच्या कणसांवर येणाऱ्या याच कुळातल्या भुंगेऱ्यांना आपले शेतकरी 'हिंगे' म्हणतात. उर्दूत या पट्टेवाल्या भुंगेऱ्याला 'तेलनी मक्खी' असे जुने नाव आहे. पण ती मक्खी, म्हणजे माशी, नाही. हे आता तुम्ही पाठीवरची रेघ दाखवून कोणालाही पटवून देऊ शकाल.

नाव कळल्याने काय झाले?

'फोड आणणारा' हे नाव ऐकूनच तुमच्या लक्षात आले असेल. हा भुंगेरा चावत नाही आणि डंखही मारत नाही. पण त्याला दाबले की त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर, तेलकट थेंब बाहेर येतात. त्या थेंबांत 'कँथरिडिन' नावाचे विष असते. ते त्वचेला लागले, तर लगेच काही कळत नाही. काही तासांनी तिथे फोड येतो. विष डोळ्यांत गेले तर डोळ्यांना इजा होते. भुंगेरा गिळला गेला तर जिवालाही धोका होतो. लहान मुले हाताला लागेल ते तोंडात घालतात, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

चुकून स्पर्श झाला तर घाबरू नका. ती जागा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. तो हात डोळ्यांना लावू नका. फोड आला तर तो फोडू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात आणखी एका भुंगेऱ्याची काळजी घ्यावी लागते. तो मुंगीसारखा बारीक असतो. त्याचे शरीर नारिंगी आणि काळे असते. त्याची झाकणे फार आखूड असतात, त्यामुळे पोटाचा भाग उघडा दिसतो. तो ओलसर जागी राहतो आणि रात्री दिव्याकडे येतो. तो हातावर बसला तर त्याला चापट मारू नका. चिरडल्यावर त्याचे विष त्वचेला लागते आणि त्वचा भाजल्यासारखी लाल होते. त्याला फुंकर मारून उडवा आणि ती जागा धुवून टाका.

आता सुरुवातीच्या त्या दोन मुलांची आठवण करा. "चिरडून टाक" म्हणणाऱ्याने हाताने चिरडले असते, तर त्यालाच फोड आला असता. "काड्यापेटीत घाल" म्हणणाऱ्याने बोटांनी उचलले असते, तर त्यालाही फोड आला असता. नाव शोधणाऱ्या मुलाचे हात मात्र सुरक्षित राहिले.

मग हा भुंगेरा वाईट आहे का? तो भेंडी, तूर आणि मूग यांची फुले खातो, म्हणून शेतकऱ्याचे नुकसान होते. पण त्याच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात, म्हणून नाकतोडे आटोक्यात राहतात. त्याच्या रंगाचेही एक काम आहे. काळा आणि नारिंगी रंग पाहून पक्षी समजतात की, हा खाण्यासारखा नाही. म्हणूनच तो तुम्हांला पाहून घाईने उडून गेला नाही. शरीरावरचे पट्टे ही त्याची सूचना आहे. ती आपणही वाचायला शिकले पाहिजे.

नाव सापडले नाही तर?

प्रत्येक वेळी पूर्ण नाव सापडेलच असे नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही काही जाती सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता येत नाहीत. मोबाईलमधली काही ॲप फोटो पाहून नाव सुचवतात. त्यांची मदत जरूर घ्या. पण सुचवलेले नाव आणि ओळखलेले नाव यांत फरक आहे. ॲपने सांगितलेल्या नावाच्या खुणा आपल्या वहीतल्या खुणांशी जुळतात का, ते स्वतः पाहा. खुणा जुळल्या नाहीत तर "हा भुंगेरा आहे, पण जात अजून कळली नाही" असे लिहा. हेसुद्धा खरे उत्तर आहे. खोट्या खात्रीपेक्षा ते शंभर पटींनी चांगले आहे.

मग माहीतगाराला विचारा. सलीम अली यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहान असताना, १९०८ च्या सुमारास, त्यांना एक वेगळी चिमणी मिळाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे त्यांच्या मामांनाही सांगता येईना. मामांचे नाव अमिरुद्दीन तय्यबजी. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली आहे. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी आहे, असे सांगितले. त्यांनी त्या मुलाला कपाटांत जपून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. एका चिमणीचे नाव विचारायला गेलेला तो मुलगा पुढे भारतातला थोर पक्षिशास्त्रज्ञ झाला. १९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले.

कीटकांची माहिती देणाऱ्या संस्थाही आपल्या देशात आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ साली सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय कोलकात्याला आहे आणि पश्चिम विभागाचे केंद्र पुण्याला आहे. पण सुरुवात जवळून करा. आधी तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. ज्याच्या वाफ्यात किडा दिसला, त्या शेतकरी काकांना विचारा. त्यांना शास्त्रीय नाव कदाचित माहीत नसेल, पण तो किडा केव्हा येतो, काय खातो आणि केव्हा जातो, हे त्यांना नक्की माहीत असते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ठाण्याजवळचे येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून कोणताही जीव उचलून आणता येत नाही. तिथे फक्त पाहावे, मोजावे आणि लिहावे. खरे तर हाच नियम आपण सगळीकडे पाळला तर बरे होईल. वही भरली पाहिजे, काड्यापेटी नव्हे.

शब्दार्थ

भुंगेरा – कडक वरचे पंख असलेला कीटक
लोंबी – भाताचे कणीस
खाचर – भाताचे शेत
वाफा – भाजी लावण्यासाठी केलेला जमिनीचा लहान भाग
मावा – पानांचा रस शोषणारे बारीक किडे
झावळी – नारळाचे मोठे पान
स्पर्शिका – कीटकाच्या मिशा
कूळ – एकाच प्रकारच्या जातींचा गट, खानदान
कुरतडणे – दातांनी किंवा जबड्यांनी थोडे थोडे तोडणे
आटोक्यात राहणे – प्रमाणाबाहेर न वाढणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कीटकाला किती पाय असतात?
(आ) मृगाच्या किड्याला उर्दूत काय म्हणतात?
(इ) ढालकिडा काय खातो?
(ई) बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना कोणत्या साली झाली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मृगाचा किडा हा कीटक नाही.
(आ) फोड आणणाऱ्या भुंगेऱ्याला हात लावू नये.
(इ) ढालकिड्याच्या अळीला मारू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भुंगेरा आणि लाल ढेकूण यांच्यातील फरक सांगा.
(आ) "जात अजून कळली नाही" हेसुद्धा खरे उत्तर आहे, असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ४. जोड्या लावा.
काजवा – गुबरैला
शेणकिडा – घुन
सोंडकिडा – जुगनू

प्र. ५. उर्दूत मुजक्कर आणि मुअन्नस अशी दोन लिंगे असतात. मराठीत तीन लिंगे असतात : तो भुंगेरा, ती मुंगी, ते पाखरू. पुढील शब्दांच्या आधी तो, ती किंवा ते लिहा.
किडा, माशी, झुरळ, काजवा, अळी, फूल

प्र. ६. अनेकवचन लिहा.
भुंगेरा, अळी, झुरळ, फूल, मिशी

उपक्रम : घराबाहेर किंवा शाळेच्या आवारात दिसलेल्या एका भुंगेऱ्याची नोंद करा. तारीख, वेळ, जागा, झाड, लांबी, रंग, पायांची संख्या आणि पाठीवरची रेघ हे सर्व लिहा. बाजूला त्याचे चित्र काढा. नाव सापडले तर मराठी आणि उर्दू अशी दोन्ही नावे लिहा. सापडले नाही तर ती जागा रिकामी ठेवा आणि शोध चालू ठेवा.